सात आणि नऊ

आमच्या मिरजेच्या घरात मोटरसायकलला मोटरसायकल कुणी म्हणत नसे. आजी शेवटपर्यंत फटफटीच म्हणाली. “फटफटी आली गं, पानं घ्या,” असा तिचा आवाज आला की बाबा गल्लीच्या तोंडाशी वळले असं समजायचं. बाबांची येझदी होती. तिचा गियरचा दांडा आणि किकचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली आणला की गियर. नवख्या माणसाला ती चालूच करता येत नसे, आणि त्याचा बाबांना फार अभिमान होता. वस्तूचं नाव तिच्या आवाजावरून पडतं, आणि तिच्या खोडी ठाऊक असणाऱ्याचीच ती असते, ह्या दोन्ही गोष्टी मी तिथेच शिकले असणार. कळल्या मात्र पुष्कळ वर्षांनी, विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात, एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी.

मला इथं येऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. पहिला हिवाळा संपत आला होता, पण रस्त्याकडेच्या बर्फाचे काळपट ढीग अजून वितळायचे होते. शेजारच्या गॅरेजचं दार वर होतं आणि आतून आवाज येत होता. आधी दोनदा नुसता उसासा, मग एक खोकला, आणि मग सगळी आळी भरून टाकणारी ती चाल. मी नऊ वर्षं तबला शिकले. हात आता सुटला आहे, पण कान मोजायचे थांबत नाहीत. त्या आवाजाच्या मात्रा मोजायला गेले आणि अडकले. दोन ठोके, पण त्यांच्यातलं अंतर सारखं नाही. एक लगेच येतो, दुसरा जरा थांबून. लंगडतो आहे म्हणावं, तर लंगडणं कधी जास्त कधी कमी असतं; हे प्रत्येक आवर्तनात नेमकं तेवढंच होतं. मी चहा ओट्यावर ठेवला आणि चपला घालून बाहेर गेले.

गॅरेजमध्ये माझे शेजारी उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर, हातात चिंधी, चेहऱ्यावर नातवंडाचा पहिला शब्द ऐकणाऱ्या माणसाचा आनंद. मी त्यांना नावानं हाक मारावी असा त्यांचा आग्रह आहे. ते मला अजून जमत नाही; मनात मी त्यांना काका म्हणते, तेव्हा इथंही काकाच म्हणते. त्यांच्यापुढे उभी होती ती १९४९ची हार्ली-डेव्हिडसन डब्ल्यूएल. पुढे स्प्रिंगांचा उघडा फोर्क, मागे स्प्रिंग नाहीच, सीट तेवढी सायकलच्या सीटसारखी स्वतःच्या स्प्रिंगवर. टाकीचा निळा रंग गुडघे घासून घासून दोन्ही बाजूंना उडालेला. खाली फरशीवर पाच-सहा थेंब ऑइल.

“गळतंय,” मी म्हणाले.

“गळतंय म्हणजे आत आहे,” काका म्हणाले, आणि ते त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. ह्या गाड्यांमध्ये ऑइल इंजिनाच्या पोटात साठवत नाहीत, वेगळ्या टाकीत असतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ते हळूहळू झिरपत इंजिनात उतरतं, आणि वाट मिळेल तिथून बाहेर येतं. डब्ल्यूएलची तर आणखी एक गंमत आहे. पेट्रोलची टाकी म्हणून आपल्याला जी दिसते तिचा फक्त डावा अर्धा भाग पेट्रोलचा. उजवा अर्धा ऑइलचा. पेट्रोल पंपावर कुणी मदतीला धावलं तर काका झाकणावर हात ठेवून उभे राहतात.

त्या दिवसापासून दर शनिवारी मी तिथं जायला लागले. इथं नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. ते मीठ लोखंड खातं. म्हणून जुन्या गाड्या पाच महिने झाकून ठेवतात आणि एप्रिलमध्ये एकेका गॅरेजचं दार उघडतं. आपल्याकडे कोकिळेवरून ऋतू ओळखतात. मिलवॉकीत ह्या आवाजावरून ओळखावा.

गाडी चालू करण्याचा विधी मला काकांनी दोन उन्हाळे नुसता बघायला लावला. विधी हाच शब्द बरोबर आहे, कारण क्रम चुकला तर फळ नाही. पेट्रोलचा नळ उघडायचा. चोक लावायचा. इग्निशन बंद ठेवूनच दोन किका मारायच्या, म्हणजे सिलिंडरला पेट्रोलचा वास लागतो. मग डावी मूठ फिरवून ठिणगी मागे घ्यायची. हे आजच्या चालकाला समजावून सांगावं लागतं: ठिणगी नेमकी केव्हा पडावी हे आता इंजिन स्वतः ठरवतं, त्या काळी ते चालकाच्या डाव्या हातात होतं. चालू करताना ठिणगी उशिरा, पळताना लवकर. त्यानंतर इग्निशन चालू करायचं, पायाला कंप्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा अडसर, लागेपर्यंत पेडल हलकेच दाबायचं, आणि मग शरीराचं सगळं वजन त्यावर सोडायचं.

ठिणगी मागे घ्यायला विसरलात तर पिस्टन वर पोचायच्या आतच पेट्रोल पेटतं, इंजिन उलटं फिरतं आणि किक तुमच्याच पायावर परत येते. तिसऱ्या उन्हाळ्यात मी विसरले. तीन आठवडे जिना चढताना पोटरी आठवण करून द्यायची. काका तेव्हा मला काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले, “आता तू कधी विसरणार नाहीस.” खरंच विसरलेली नाही.

चालू झाल्यावरही काम संपत नाही. क्लच डाव्या पायाशी, टाच-बोटांच्या झोपाळ्यासारखा. टाच दाबली की सुटतो, बोटं दाबली की धरतो, आणि जिथं सोडाल तिथंच राहतो. गियर टाकीच्या डाव्या कडेला, दांड्यानं हलवायचे, तीनच आहेत. उजव्या मुठीतला अॅक्सिलरेटर सोडला तरी परत येत नाही, लावला तिथं थांबतो. पहिल्यांदा एका रिकाम्या पार्किंगमध्ये मी ही गाडी चालवली तेव्हा दोन हात, दोन पाय आणि दोन कान ह्यांना सहा वेगळी कामं होती. ताशी चाळीस किलोमीटरला मला जे भान होतं तेवढं मोटारीत शंभरला कधी नसतं. ह्या गाड्यांचं आकर्षण लोक वेगात आणि दिमाखात शोधतात. डब्ल्यूएलकडे वेग नाहीच. ७५० सीसीच्या आसपासचं तिचं इंजिन नव्वदच्या पुढे हौसेनं जात नाही. ती तुम्हाला कामाला लावते, आणि ज्या कामात आपण पूर्णपणे गुंततो त्या कामावर आपला जीव जडतो.

आता त्या आवाजाबद्दल. मला तो सुटेना म्हणून एका रविवारी काकांनी वर्कबेंचवर जुन्या इंजिनाचे दोन कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँक ह्या फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या कांबी, काढून ठेवले. एकाचं टोक चिमट्यासारखं दुभंगलेलं, दुसऱ्याचं सरळ. दुसरा पहिल्याच्या फटीत बसतो आणि दोघे मिळून क्रँकच्या एकाच खुंटीवर, क्रँकपिनवर, फिरतात. दोन सिलिंडर, पिन एक. विल्यम हार्ली आणि डेव्हिडसन भावंडांनी १९०३मध्ये ह्याच शहरात, दहा बाय पंधरा फुटांच्या लाकडी खोपटात पहिली गाडी बांधली, तेव्हा सिलिंडर एकच होता. ताकद वाढवायची तर दुसरा हवा. पण गाडीचा सांगाडा सायकलचाच, त्रिकोणी. त्या त्रिकोणात दोन सिलिंडर बसवायचे तर इंग्रजी व्हीसारखे तिरके, एकमेकांना चिकटून. १९०९चा पहिला प्रयत्न फसला. १९११ला तेच इंजिन सुधारून परत आणलं. दोन सिलिंडरांमधला कोन ४५ अंश ठेवला, पिन एकच ठेवली. भाग कमी लागले, जागा कमी लागली, पैसे कमी लागले.

पण एका पिनेमुळे ठोके सारखे पडत नाहीत. प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे ७२० अंशांत एकदा. पहिला पेटला की दुसरा पूर्ण एका फेरीनंतर पेटायला हवा. तो ४५ अंश आधीच, ३१५ वर पेटतो. मग पहिल्याची पाळी पुन्हा यायला ४०५ अंश जातात. काकांनी हे आकडे खडूनं फरशीवर लिहिले. मी बघत राहिले आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यांना ४५ने भाग जातो. ३१५ म्हणजे सात. ४०५ म्हणजे नऊ. एकूण सोळा.

तीनताल! सोळा मात्रांचं आवर्तन आहे ते. सिलिंडरांमधला कोन हीच त्याची एक मात्रा. पहिला ठोका समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला. दुसरा ‘खाली’ म्हणतात त्या नवव्या मात्रेला आला असता तर ते सरळ, नेमस्त इंजिन झालं असतं. हा आठव्या मात्रेलाच पडतो. ‘खाली’ यायच्या आत एक मात्रा घाई करतो आणि मग ती घाई फेडायला समेपर्यंत नऊ मात्रा थांबतो. मी काकांच्या वर्कबेंचवर ठेका धरला, सोळा मात्रा तोंडानं मोजत पहिल्या आणि आठव्या मात्रेवर थाप दिली. दोनदा, चारदा, मग लय वाढवत. काका खडू हातात धरून ऐकत राहिले. त्यांचे वडील हार्लीच्या जुनो अव्हेन्यूवरच्या कारखान्यात लेथवर होते, ते स्वतः साठ वर्षं ह्या इंजिनांत हात घालून आहेत. आणि त्यांच्या फरशीवर सगळ्यांत जुनी ओळखीची गोष्ट त्या दिवशी त्यांना पुन्हा नव्यानं ऐकू आली. “परत कर,” एवढंच ते म्हणाले.

आवाजातला रांगडेपणा वाढवणारी आणखी एक काटकसर ह्या इंजिनात आहे. ठिणगी पाडायला पॉइंटचा, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा, एकच संच, एकच कॉइल. दोन्ही प्लग एकाच वेळी ठिणगी टाकतात; एक कामाची, एक वाया. वाया गेलेली ठिणगी कधीमधी आत येणाऱ्या पेट्रोलच्या वाफेला गाठते आणि कार्ब्युरेटर शिंकतो. शिंक आली की काका म्हणतात, “जागी झाली.”

पिनेचा हा विषमपणा दुरुस्त करणं अवघड नव्हतं. दोन पिना घाला, कोन बदला, झालं. कारखान्यानं पुढं ६० अंशांचं इंजिनही काढलं. २००१ची व्ही-रॉड उत्तम पळते आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मोठ्या गाड्यांचा ४५ अंशांचा कोन आणि ती एक पिन त्यांनी आजतागायत सोडलेली नाही. १९९४मध्ये तर कंपनीनं ह्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला. जपानी कंपन्यांनी हरकत घेतली, वाद सहा वर्षं चालला, आणि २०००मध्ये अर्ज मागे घेतला गेला. मला ते योग्य वाटलं. सात आणि नऊ कुणाच्या मालकीचे कसे होतील? सायलेन्सर काढून टाकून रात्री गल्ली हादरवणाऱ्यांनाही मला हेच सांगावंसं वाटतं. मूळ सायलेन्सरमधून येणारा आवाज खोल आणि मऊ असतो, त्यात मात्रा ऐकू येतात. नुसता गडगडाट केला की ठेका बुडतो.

कंपनीनं गाड्यांना इंग्रजी अक्षरांची नावं दिली, लोकांनी त्यांना दुसरीच दिली, आणि टिकली ती लोकांची. १९३६चं इंजिन म्हणजे नकलहेड, कारण त्याच्या डोक्यावरची झाकणं आवळलेल्या मुठीच्या हाडांसारखी दिसतात. १९४८ला आलेलं पॅनहेड, म्हणजे डोक्यावर पालथं घातलेलं पातेलं. १९६६चं शॉव्हेलहेड, फावड्यासारखं. काकांच्या डब्ल्यूएलचं इंजिन फ्लॅटहेड. त्याचे व्हॉल्व्ह डोक्यावर नसून बाजूला असतात, म्हणून वर नुसतं सपाट झाकण. ही नावं स्वयंपाकघरातून आणि शेतातून आलेली आहेत. ज्यांनी ठेवली ते रोज हातानं काम करणारे लोक होते.

शॉव्हेलहेडच्या काळाबद्दल काका कमी बोलतात. १९६९मध्ये कंपनी एएमएफ ह्या मोठ्या उद्योगानं घेतली. गाड्या जास्त निघाल्या आणि कशाबशा निघाल्या. १९८१मध्ये १३ अधिकाऱ्यांनी कर्ज काढून ती परत विकत घेतली. १९८३मध्ये ७०० सीसीच्या वरच्या परदेशी गाड्यांवर अमेरिकन सरकारनं पाच वर्षांसाठी जबर आयातशुल्क लावलं, आणि मुदत संपायच्या आधीच कंपनीनं ते काढा असं स्वतः सांगितलं. काका हे शेवटचं वाक्य सांगताना उभे राहतात.

मोटरसायकल म्हटल्यावर काळी जाकिटं, टोळ्या आणि मारामाऱ्या हे चित्र माझ्याही डोक्यात होतं. १९४७मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात जमलेल्या मोटरसायकलवाल्यांनी धिंगाणा घातला, वर्तमानपत्रांनी तो वाढवून छापला, आणि ते चित्र पक्कं झालं. मग मला ऑगस्टा आणि अॅडलिन व्हॅन ब्यूरेन ह्या बहिणी कळल्या. १९१६च्या ४ जुलैला दोघी न्यूयॉर्कहून निघाल्या, दोन इंडियन पॉवरप्लस गाड्यांवर, अमेरिका आडवी पार करायला. युद्ध आलंच तर निरोप पोचवायला बायकाही मोटरसायकली चालवू शकतात हे त्यांना सैन्याला दाखवायचं होतं. रस्ते बहुतेक मातीचे. वाटेत पाइक्स पीकच्या चौदा हजार फुटी शिखरावर त्या गाड्या घेऊन चढल्या. सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसला पोचल्या. सैन्यानं अॅडलिनचा अर्ज तरीही नाकारला. आणि बेसी स्ट्रिंगफील्ड, मायामीची कृष्णवर्णीय बाई: आयुष्यात तिनं सत्तावीस हार्ली वापरल्या. दक्षिणेत काळ्या माणसाला मोटेलमध्ये खोली मिळत नसे, तेव्हा ती पेट्रोल पंपावर गाडी लावायची, जाकिटाची घडी करून हँडलवर ठेवायची आणि गाडीवरच झोपायची. पार्किंगमध्ये पहिल्या दिवशी माझे पाय थरथरत होते तेव्हा मी बेसीचाच विचार करत होते.

बेसीची पहिली गाडी हार्ली नव्हती. ती होती इंडियन स्काउट. आणि इथं मला मिलवॉकीत राहून जरा धाडसाचं बोलायचं आहे. माझ्या मते अमेरिकेत बनलेली सगळ्यांत सुंदर मोटरसायकल मिलवॉकीची नाहीच. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला इंडियनचा कारखाना होता. १९०१पासूनचा, म्हणजे हार्लीच्याही आधीचा. एका लाल टाकीवर सोनेरी लपेटदार अक्षरांत ‘इंडियन’ हा शब्द मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा क्षणभर मला घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. नाव अर्थात इथल्या मूळ रहिवाशांवरून घेतलेलं. १९११मध्ये आइल ऑफ मॅनच्या डोंगरी शर्यतीत इंडियननं पहिले तिन्ही क्रमांक घेतले. इंग्रजांच्या घरात जाऊन! त्यात दुसरा आला होता चार्ल्स फ्रँकलिन नावाचा आयरिश इंजिनिअर. पुढं तो स्प्रिंगफील्डला आला आणि त्यानं स्काउट रेखाटली, आणि १९२८ला तिचाच नवा अवतार, १०१ स्काउट. बुटकी, लांब, जमिनीला धरून चालणारी. मौत का कुआँ आपण जत्रेत बघतो. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये त्या लाकडी भिंतीवर आजही १०१ स्काउट फिरतात, नव्वद वर्षं झाली तरी. एवढा समतोल दुसऱ्या गाडीत सापडलेला नाही.

हार्लीवर बसलेल्या माणसाला इंडियनवर बसवलं तर तो पहिल्या वळणावर गोंधळतो. इंडियनचा अॅक्सिलरेटर डाव्या मुठीत, ठिणगी उजवीत, गियरचा दांडा उजवीकडे. सगळं उलट. काही वर्षांपूर्वी आयोवातल्या डेव्हनपोर्टला, जत्रेच्या मैदानावर भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या बाजारात, एका सद्गृहस्थांनी मला त्यांच्या १०१वर बसू दिलं, चालवायला मात्र दिली नाही. बरोबर केलं.

त्या बाजाराबद्दल लिहायलाच हवं. पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो समजेल. ताडपत्र्यांवर गंजलेल्या टाक्या, अर्धे फोर्क, लिंकर्टचे कार्ब्युरेटर, नावं पुसलेले स्पीडोमीटर, बिस्किटांच्या डब्यांत स्क्रू. कुणी काही ओरडत नाही. माणसं वाकून, चष्मा कपाळावर सरकवून एकेक तुकडा उलटसुलट करत असतात. काका तिथं एका पितळी बुशिंगसाठी दोन दिवस फिरले. सापडलं तेव्हा विकणाऱ्यानं किंमत सांगायच्या आधी विचारलं, कुठल्या गाडीला? वर्ष कुठलं? चालते का? चालते म्हटल्यावर किंमत अर्धी केली. कपाटात ठेवायला नेणाऱ्याला त्यानं ते बहुतेक दिलं नसतं. त्या मैदानावर मला पहिल्यांदा जाणवलं की ही गाडी काकांची आहे, आणि ह्या सगळ्यांचीही थोडी थोडी आहे.

इंडियन १९५३मध्ये बंद पडली. युद्धानंतर इंग्रजी गाड्या स्वस्त झाल्या, स्प्रिंगफील्डनं घाईनं काढलेली नवी हलकी इंजिनं पुरेशी पारखलेली नव्हती. चांगली वस्तू टिकतेच असं नाही. पण न्यूझीलंडच्या टोकाला, इन्व्हरकारगिल गावात, बर्ट मन्रो नावाच्या माणसानं १९२०मध्ये नवी स्काउट घेतली होती आणि तो ती आयुष्यभर सुधारत राहिला. पिस्टन घरीच ओतायचा. १९६७मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, बोनव्हिलच्या मिठागरावर त्यानं तीच स्काउट ताशी १८३ मैलांच्या वर नेली आणि तिच्या वर्गातला विक्रम केला. त्याच्या शेडमध्ये एक फळी होती, त्यावर फुटलेले पिस्टन आणि वाकलेले रॉड रचलेले. खाली लिहिलेलं: वेगाच्या देवाला वाहिलेले. ते वाचल्यावर मला आपल्या देवळांत टांगलेल्या नवसाच्या घंटा आठवल्या.

काकांच्या गाडीची सख्खी बहीण डब्ल्यूएलए. दुसऱ्या महायुद्धात अशा सुमारे ९० हजार लष्करी गाड्या मिलवॉकीत बनल्या आणि जगभर गेल्या. युद्ध संपलं, गाड्या तिथंच राहिल्या. दिल्लीत त्यांचं काय झालं हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. पुढचा अर्धा भाग गाडीचा ठेवून मागे दोन चाकांचा डबा जोडला आणि लाल किल्ल्यापासून कॅनॉट प्लेसपर्यंत माणसं वाहिली, अगदी नव्वदीच्या दशकापर्यंत. लोक त्यांना फटफटीच म्हणत. मी तो शब्द काकांना शिकवला. त्यांना ‘ट’ नीट म्हणता येत नाही, पण आता ते गॅरेजचं दार उघडताना तो म्हणतात.

मेनॉमनी नदीच्या काठी हार्लीचं संग्रहालय आहे. चकाकणाऱ्या शेकडो गाड्यांत एक पूर्ण गंजलेली आहे. २०११च्या सुनामीत ती जपानमधून एका कंटेनरसह वाहून गेली आणि वर्षभरानं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडली. मालकाच्या घरची माणसं त्या लाटेत गेली होती. कंपनीनं गाडी दुरुस्त करून परत द्यायची तयारी दाखवली. त्यानं नको म्हटलं. गेलेल्यांची आठवण म्हणून आहे तशी ठेवा, एवढंच मागितलं. काका मला पहिल्यांदा तिथं घेऊन गेले तेव्हा त्या गाडीसमोर टोपी काढून उभे राहिले. परतताना मी विचारलं, तुमच्या टाकीला रंग का देत नाही? म्हणाले, “डावीकडचा रंग माझ्या गुडघ्यानं गेलाय. उजवीकडचा माझ्या आधीच्या माणसाच्या. त्याचा गुडघा मी कसा पुसू?”

गेल्या शरदात काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी किक बंद केली. हिवाळ्यासाठी ते लेकीकडे, अॅरिझोनाला गेले. जाताना गॅरेजची किल्ली कॉफीच्या डब्यात घालून माझ्या दारात ठेवून गेले. हा एप्रिल नेहमीपेक्षा गार होता. पहिल्या कोरड्या शनिवारी मी चादर काढली, सहा व्होल्टची बॅटरी जोडली, नवं पेट्रोल भरलं. डाव्या झाकणातून. फोन वर्कबेंचवर उभा करून काकांना लावला. त्यांनी काही विचारलं नाही.

नळ. चोक. दोन कोऱ्या किका. डावी मूठ मागे. इग्निशन. पायाला कंप्रेशन लागलं तशी मी पेडलवर उभी राहिले आणि वजन सोडलं. उसासा. पुन्हा. पुन्हा. पाचव्या किकेला शिंक आली. फोनमधून आवाज आला, “जागी झाली.” सहाव्या किकेला ती लागली, आणि गॅरेजच्या पत्र्यावर ठेका घुमायला लागला. मी हात मुठींवर ठेवून उभी होते. आठव्या मात्रेचा ठोका पायांतून वर येत होता.

“ठिणगी थोडी पुढं घे,” काका म्हणाले. मी घेतली. “अजून. एक केसभर.” मी मूठ हलवली आणि आवाजातली खरखर गेली. “हां.”

मी फोन सायलेन्सरच्या जवळ नेऊन धरला. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “बंद करू नकोस इतक्यात.”